पाण्याच्या रॉकेटवर छोटा कॅमेरा : चित्रण धड येत नाही, काय बदलावं?

बावड्याची_विज्ञानशाळा | शनिवार, रात्री ८.४०

नमस्कार मंडळी. २ लिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीचं पाण्याचं रॉकेट ६ बार हवेच्या दाबाला नीट उडतंय. आता त्यावर कॅमेरा बसवून वरून खालचं चित्रण करायचंय. नववीच्या मुलांचा प्रदर्शनाचा प्रकल्प आहे.

सध्याची मांडणी अशी : २३ मिमीचा चौकोनी मिनी कॅमेरा, १७ ग्रॅम, नोज कोनच्या (रॉकेटच्या टोकाच्या शंकूच्या) बाजूला भोक पाडून बसवलाय. रिकामं रॉकेट सगळं धरून २२० ग्रॅम. पाणी ६५० मिली. बाटलीचं तोंड पूर्ण मोकळं, वेगळा नॉझल नाही. केबल टायवाला लाँचर आहे. तीन उड्डाणांपैकी दोन वेळा फाइल उघडलीच नाही, तिसऱ्या वेळी आभाळ, जमीन, आभाळ, जमीन असं नुसतं गरगरतंय. चांगला कॅमेरा घ्यावा का? घ्यायचा तर कोणता?

उद्यमनगर_टर्नर | शनिवार, रात्री ९.२५

मॅडम, कॅमेऱ्यावर इतक्यात पैसे घालू नका. आधी बाटलीचं तोंड लहान करा. हिशेब मांडतो, मुलांकडूनही करून घ्या.

बाटलीच्या तोंडाचा आतला व्यास २१.७ मिमी, म्हणजे क्षेत्रफळ ३७० चौरस मिमी. पाण्याचा जोर काढायला दाब गुणिले क्षेत्रफळ गुणिले दोन. ६ बारला हा जोर ४४० न्यूटनच्या आसपास जातो. रॉकेट आणि पाणी मिळून ८७० ग्रॅम. भागाकार केला की सुटतानाच ५० जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ५० पट झटका. पाणी संपत येतं तेव्हा हवा पसरून दाब निम्म्यावर, म्हणजे ३ बारपर्यंत उतरलेला असतो, पण वजन पाव झालेलं असतं. म्हणून शेवटी आकडा १०० जीपर्यंत चढतो. त्या क्षणी तुमचा १७ ग्रॅमचा कॅमेरा पावणेदोन किलोचा होऊन आपल्या खाचेत दाबला जातोय. मेमरी कार्डाची स्प्रिंग आणि बॅटरीचा कनेक्टर यासाठी बनवलेले नसतात.

आणि हे सगळं किती वेळ चालतं? ६ बारला पाणी सेकंदाला ३४ मीटरने बाहेर पडतं. मोकळ्या तोंडातून ६५० मिली पाणी ०.०६ सेकंदात संपतं. कॅमेरा सेकंदाला ३० फ्रेम घेतो. म्हणजे उड्डाणाचा सगळ्यात बघण्यासारखा भाग तुम्हाला दोन फ्रेममध्ये मिळणार. कॅमेरा कितीही भारी घेतला तरी दोनच.

आता ९ मिमीचा नॉझल धरा. क्षेत्रफळ ६४ चौरस मिमी, जोर ७६ न्यूटन. सुटताना ८ जी, पाणी संपताना १७-१८ जी. पाणी जायला ०.३५ सेकंद लागतात, म्हणजे १० फ्रेम. ६० फ्रेमवाला कॅमेरा असेल तर २०. लाँचर खाली सरकतोय, पाण्याचा खांब लांबत चाललाय, पोरं मागं पळतायत, हे सगळं दिसतं. उंची थोडी घटते, पण चित्रणासाठी हा सौदा डोळे झाकून करावा.

नॉझल बनवायचा सोपा मार्ग : बागेच्या पाइपला लावतात ती क्लिक कपलिंग. तिच्या नर बाजूचं आतलं भोक बहुतेक ९ मिमीच्या आसपास असतं, तरी व्हर्नियर लावून बघून घ्या. बाटलीच्या टोपणाला तिच्या मापाचं भोक पाडायचं, दोन्ही बाजूंनी रबरी वॉशर घालून आवळायचं. मादी बाजू लाँचरवर. तिची कॉलर दोरीने खाली ओढली की रॉकेट सुटतं. हातात लेथ असेल तर नायलॉनच्या रॉडमधून कातून घ्या, पण एक लक्षात ठेवा, बाटलीच्या आतल्या बाजूची कड धारदार ठेवू नका. तिथे ३ मिमीची गोलाई द्या. धारदार कडेवरून वळताना पाण्याची धार आक्रसते आणि भोक ९ मिमी असून काम ७ मिमीचं मिळतं.

शिंगणापूर_रोड | शनिवार, रात्री ९.५०

टर्नरदादांचा हिशेब पक्का आहे. त्याला जोडून कार्डाचं सांगतो, कारण फाइल न उघडण्याचं मूळ बहुतेक तिथेच सापडतं.

या कॅमेऱ्यांत कार्ड आत दाबलं की अडकतं आणि पुन्हा दाबलं की बाहेर येतं, तसला सॉकेट असतो. कार्डाची खाच नोज कोनच्या टोकाकडे असेल तर सुटतानाचा झटका कार्डाला आणखी आत दाबतो आणि कुणी बोटाने दाबल्यासारखं ते सुटून बाहेर येतं. खाच शेपटीकडे असेल तर कार्ड सरळ बाहेरच्या दिशेला ढकललं जातं. म्हणून खाच आडवी ठेवायची, उड्डाणाच्या दिशेला काटकोनात. वरून कॅप्टॉन टेपची किंवा साध्या इन्सुलेशन टेपची पट्टी. फोम कोंबून दाबू नका, फोम दबतो आणि परत उसळतो.

बॅटरीचंही तेच. कॅमेरा उघडून बघा. पाउच बॅटरी सर्किटच्या शेपटीकडच्या बाजूला बसली पाहिजे. ती वर असेल तर झटक्यात सर्किटवर बसते आणि तारांचे झाळ तुटतात. तारा जिथे झाळल्यात तिथे गरम गोंदाचा एक थेंब टाका. कॅमेऱ्याच्या सर्किटवर गरम गोंद चालतो, बाटलीवर मात्र अजिबात नाही. पेट प्लास्टिक ७०-८० अंशांना मऊ पडतं आणि ६ बारला नेमकं तिथेच फाटतं.

बावड्याची_विज्ञानशाळा | शनिवार, रात्री १०.०५

खाच टोकाकडेच आहे! उद्याच फिरवते. बंद पडलेल्या दोन फाइली वाचवता येतील का? आकार दिसतोय, एक ६० एमबी, दुसरी ४५.

कोडनामा_करवीर | शनिवार, रात्री १०.३०

आकार दिसतोय म्हणजे चित्र कार्डावर आहे, फक्त फाइल बंद झालेली नाही. एमपी४ फाइलमध्ये कुठली फ्रेम कुठे आहे याची सूची रेकॉर्डिंग थांबवल्यावर लिहिली जाते. मध्येच वीज गेली की सूचीच नसते आणि प्लेअर हात वर करतो. ‘अनट्रंक’ नावाचं मोफत साधन आहे. त्याला त्याच कॅमेऱ्याची, त्याच सेटिंगची एक धड फाइल दाखवायची, मग ते तुटलेल्या फाइलची सूची नव्याने बांधतं. तुमची तिसऱ्या उड्डाणाची फाइल नमुना म्हणून चालेल. त्या कार्डावर आता नवीन काही रेकॉर्ड करू नका. आधी पूर्ण कार्डाची नक्कल काढून ठेवा.

कॅमेऱ्यात एव्हीआयचा पर्याय असेल तर उड्डाणासाठी तोच घ्या, दुरुस्तीला सोपा. तुकडे पाडायची सोय असेल तर १ मिनिटाचे तुकडे करा. एक तुकडा गेला तरी बाकीचे राहतात. कार्ड ३२ जीबी, क्लास १०, फॅट३२, आणि फॉरमॅट कॅमेऱ्यातच करा. मोठं कार्ड घेऊन काही मिळत नाही. सेकंदाला १० मेगाबिटने रेकॉर्ड केलं तरी मिनिटाला ७५ एमबीच भरतात.

कार्डावरून आठवलं. अवकाशातून पृथ्वीचं पहिलं छायाचित्र २४ ऑक्टोबर १९४६ ला व्हाइट सँड्सहून उडवलेल्या व्ही-२ रॉकेटने घेतलं. ३५ मिमीचा कॅमेरा, दर दीड सेकंदाला एक फ्रेम, उंची १०५ किमीच्या आसपास. रॉकेट जमिनीवर आपटून चुराडा झालं, कॅमेराही गेला, पण फिल्म पोलादी डबीत होती म्हणून वाचली. काय जपायचं ते त्यांनी नेमकं ओळखलं होतं. आपल्याकडे डबीच्या जागी कार्ड आहे. कॅमेरा पाचशेचा, पण उड्डाण पुन्हा तसंच होत नाही.

रंकाळा_वारा | रविवार, सकाळी ७.१५

गरगरण्याबद्दल कुणी बोललंच नाही. मुलांना सगळ्यात जास्त हेच सतावणार आहे.

रॉकेट स्वतःभोवती फिरतं ते पंख तिरके बसल्यामुळे. तिन्ही पंख एकाच बाजूला फक्त २ अंशांनी वाकडे असले तरी सेकंदाला २५ मीटर वेगाला रॉकेट सेकंदात जवळजवळ दीड फेरी मारतं, म्हणजे ५०० अंश. ३० फ्रेमच्या कॅमेऱ्यात एका फ्रेमपासून पुढच्या फ्रेमपर्यंत दृश्य १६-१७ अंश सरकतं. डोळ्याला काही पकडता येत नाही. शिवाय प्रत्येक फ्रेम आतून फासली जाते. कॅमेऱ्याच्या नजरेचा पट्टा ६० अंशांचा आणि रुंदी १२८० पिक्सेल धरली तर एका अंशाला २१ पिक्सेल. कडक उन्हात शटर १/१००० ला असेल तर चित्र १० पिक्सेल फासतं, ढगाळ हवेत १/१०० ला गेलं तर १०० पिक्सेल. त्यातून काहीच वाचत नाही. आणि हे सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचतात, त्यामुळे झाडं, विजेचे खांब रबरासारखे तिरके होतात. हा दोष नंतर संगणकावर पूर्ण निघत नाही.

तर पंख सरळ बसवा. २ लिटरच्या सरळ अंगाच्या बाटलीचा व्यास ११० मिमी, परीघ ३४५ मिमी. कागदाची पट्टी गुंडाळून ११५ मिमीवर तीन खुणा करा. मग बाटली टेबलावर आडवी ठेवा आणि ॲल्युमिनियमचा एल अँगल तिच्या अंगावर टेकवा. अँगलच्या दोन्ही कडा बाटलीला लागल्या की त्याची धार बाटलीच्या आसाला समांतर असते. त्या धारेने पेन्सिल ओढा. नजरेने ओढलेली रेघ दीड-दोन अंशांनी हमखास चुकते.

पंखांना सनपॅक शीट (आत नळ्या असलेलं पातळ प्लास्टिक) घ्या, आतल्या नळ्या पंखाच्या लांबीच्या दिशेला. चिकटवायला रुंद डबल टेप आणि दोन्ही बाजूंनी कापडी टेपचा कोन. फेविक्विक बाटलीच्या अंगाला लागू देऊ नका, पेट ठिसूळ होतं.

पन्हाळा_पायथा | रविवार, सकाळी ८.००

पंख सरळ असून पण फिरत असंल तर कॅमेऱ्याचा उंचवटा बघा. एकाच बाजूला डबी बाहेर आली की तिकडं हवा अडते आणि रॉकेट त्या बाजूला कलतं. समोरच्या बाजूला तेवढ्याच आकाराची, तेवढ्याच वजनाची खोटी डबी लावा. थर्माकोल कोरून वरनं टेप. एवढं केलं तरी लई फरक पडतोय.

बावड्याची_विज्ञानशाळा | रविवार, सकाळी ८.४०

हे छान सांगितलंत. मग कॅमेरा नेमका कुठे बघत असावा? आता तो आडवा, क्षितिजाकडे बघतोय.

शिंगणापूर_रोड | रविवार, सकाळी ९.३०

आडवा ठेवला तर निम्मं आभाळ येतं, आणि आभाळाच्या उजेडाने कॅमेरा स्वतःचं एक्स्पोजर खाली आणतो. जमीन काळी पडते. खाली बघणारा कॅमेराच घ्या. रस्ते दोन.

पहिला, कॅमेराच बाहेरच्या डबीत उभा बसवायचा. लेन्स शेपटीकडे, अंगापासून १०-१५ अंश बाहेर कललेली. अगदी सरळ खाली ठेवली तर अर्ध्या चित्रात बाटली आणि पंखच. थोडा पंख दिसू दे, वेग त्याच्यामुळे जाणवतो. डबीचं नाक गोल करा, पिंगपाँगचा चेंडू अर्धा कापला की आयतं मिळतं.

दुसरा, कॅमेरा आतच आडवा ठेवायचा आणि लेन्ससमोर बाहेर ४५ अंशांत आरसा लावायचा. बाहेर येणारा भाग खूप लहान राहतो, हवा कमी अडते. पण आरसा साधा नको. साध्या आरशात पाठीमागचा मुलामा आणि पुढची काच, दोन्हीकडून प्रतिबिंब येतं आणि चित्राला पुसट जोडी दिसते. जुन्या स्कॅनरमध्ये लांब पट्टीसारखे आरसे असतात, त्यांचा मुलामा पुढच्या बाजूला असतो. भंगारवाल्याकडे बंद स्कॅनर मिळाला तर सोडू नका. काच कापायच्या हिरकणीने १५ बाय २० मिमीचा तुकडा काढा. पुढच्या बाजूला बोट लावायचं नाही, पुसायचं तर नाहीच. चित्र उलटं येतं, ते संपादनात आडवं पलटवून घ्यायचं.

पहिल्यांदाच करताय, डबीचाच रस्ता धरा. आरशाचा कोन २ अंश चुकला की चित्र ४ अंश सरकतं आणि तो जमवण्यात दिवस जातात.

कॅमेरा कुठेही लावा, पण वरच लावा. पंखांजवळ लावला तर सुटतानाचं पाणी उडून लेन्सवर थेंब बसतो आणि पूर्ण उड्डाणभर राहतो. शिवाय वरचं वजन फायद्याचं आहे. नोज कोनमधले १७ ग्रॅम गुरुत्वमध्य दोन-अडीच सेंमी पुढे आणतात. गुरुत्वमध्य दाबमध्याच्या (हवेचा जोर जिथे एकवटतो त्या बिंदूच्या) किमान एक व्यास, म्हणजे ११ सेंमी पुढे हवा. कॅमेरा, बॅटरी, पॅराशूट सगळं घालून, पाणी न घालता तोलून बघा.

गडहिंग्लज_एक्सप्रेस | रविवार, दुपारी १२.१०

एवढी खटपट करण्यापेक्षा परदेशात मिळतात तसल्या तयार, इंधन भरलेल्या रॉकेट मोटरवर का जात नाही? सी६-५ वगैरे. त्यावर कॅमेऱ्याचे शेकडो व्हिडिओ दिसतात.

उद्यमनगर_टर्नर | रविवार, दुपारी १२.४०

भावा, त्या मोटरमध्ये काळी बारूद असते. सी म्हणजे एकूण आवेग ५ ते १० न्यूटन-सेकंद, ६ म्हणजे सरासरी ६ न्यूटन जोर, ५ म्हणजे जळून झाल्यावर पाच सेकंदांनी पॅराशूट फेकणारा बार. आपल्याकडे हा माल स्फोटक कायदा १८८४ आणि स्फोटक नियम २००८ खाली येतो, परवाने नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसो या केंद्राच्या स्फोटक-सुरक्षा संस्थेकडून. टपालाने मागवता येत नाही. घरी इंधन बनवणं हा गुन्हा आहे आणि बोटं जाण्याचा सरळ रस्ताही. या धाग्यावर ते लिहू नका, इथे नववीची मुलं वाचतायत.

दुसरं, त्या मोटरचं काम वजनाला फार हळवं आहे. सी६-५ वर सुटतानाचं एकूण वजन ११३ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगतात. पाण्याच्या रॉकेटला १७ ग्रॅम म्हणजे काहीच नाही.

रानमाळ_कागल | रविवार, दुपारी १.१५

आणि आपल्या भागात उसाचं पाचट आहे. तोडणी झालेल्या रानात टाचेएवढ्या थराने वाळलेलं पाचट पडलेलं असतं, एक ठिणगी पुरते. बाजूला उभा ऊस असतो. पाण्याचं रॉकेट हे आपल्या रानाला शोभणारं रॉकेट आहे.

जागेचं सांगतो. नोव्हेंबर ते मार्च, तोडणी झालेलं रान, पण चारही बाजूंनी किमान ६०-७० मीटर मोकळं असलेलं. शेजारी आडसाली ऊस उभा असेल तर तिथे उडवू नका. दहा फूट उसात रॉकेट पडलं की दोन सऱ्या पलीकडे असलं तरी दिसत नाही, आणि पान कापतं म्हणून पोरं आत शिरतही नाहीत. खोडव्याचं रान फुटव्यावर असेल तर तुडवू नका, मालकाला आधी विचारा. गावात पोलीस पाटलांना सांगून ठेवलं की कुणी विचारायला येत नाही.

उजळाईवाडीचा विमानतळ लक्षात घ्या. ड्रोनसाठी सरकारने डिजिटल स्काय या संकेतस्थळावर नकाशा दिलाय. विमानतळाच्या हद्दीपासून ५ किमीपर्यंत लाल, ८ किमीपर्यंत पिवळा, आणि ८ ते १२ किमीमध्ये ६० मीटरच्या वर पिवळा. रॉकेट म्हणजे ड्रोन नव्हे, पण ही वर्तुळं आपणही पाळावीत. १२ किमीच्या बाहेर गेलात तर डोक्याला ताप नाही.

रंकाळा_वारा | रविवार, दुपारी २.००

वेळ सकाळी साडेसात ते नऊ. वारा पडलेला असतो आणि उजेड तिरका असतो. तिरक्या उजेडात सऱ्या, बांध, पाटाचं पाणी वरून उठून दिसतात. दुपारी बाराला तेच रान सपाट चादर दिसतं. फक्त डिसेंबर-जानेवारीत पंचगंगेकाठी धुकं असतं, ते उठेपर्यंत थांबा. पावसाळ्यात नादच करू नका. ढगाळ उजेडात शटर मंद होतं, त्याचा हिशेब वर दिलाच आहे. पन्हाळ्याकडची पठारं मोहात पाडतात, पण तिथे वारा कधी पडतच नाही.

कोडनामा_करवीर | रविवार, दुपारी ३.२०

पॅराशूटचा विषय राहतोय, आणि कॅमेरा असताना तो सगळ्यात महत्त्वाचा. नोज कोन आपोआप सुटेल या भरवशावर राहू नका. या वजनाला आणि दाबाला रॉकेट ५० मीटरच्या आसपास जातं आणि शिखरावर पोचायला ३ सेकंद लागतात. अर्डुइनो प्रो मिनी (वेळ मोजणारं छोटं सर्किट), ९ ग्रॅमची एसजी९० सर्वो (ठरावीक कोनात फिरणारी छोटी मोटर), रबराने ताणलेलं बाजूचं दार. लाँचरला बांधलेली एक पिन सुटताना ओढली गेली की घड्याळ सुरू, ३ सेकंदांनी सर्वो फिरून दार उघडते, पॅराशूट बाहेर. वेळ आधी कॅमेऱ्याशिवाय, तेवढंच वजन भरून दोन उड्डाणांत पक्की करा. मोबाइलवर ६० फ्रेमने खालून चित्रण करायचं आणि सुटल्यापासून वळेपर्यंतच्या फ्रेम मोजायच्या.

सर्वो आणि कॅमेरा यांना एकच बॅटरी देऊ नका. सर्वो हलताना इतका करंट ओढते की विजेचा दाब क्षणभर खाली बसतो, कॅमेरा बंद पडतो आणि परत तीच न बंद झालेली फाइल. दोन वेगळ्या बॅटऱ्या. अर्डुइनोच्या बाजूला १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका, नाहीतर तोही रीसेट होतो आणि पॅराशूट उघडतच नाही.

पॅराशूटचं माप. खाली यायचा वेग सेकंदाला ५ मीटर ठेवायचा. २२० ग्रॅमला इथल्या हवेत साधारण ५०-५५ सेंमी व्यासाचा गोल लागतो. जुन्या छत्रीचं कापड, ८ दोऱ्या, प्रत्येक दोरी व्यासाएवढी लांब. भगवा किंवा गुलाबी रंग, हिरवा कधीच नको. उतरायला १० सेकंद लागतात, सेकंदाला ३ मीटर वारा असेल तर ३० मीटर वाहून जातं. म्हणून रानमाळदादांनी सांगितलेलं अंतर खरंच मोकळं हवं.

दोऱ्या जिथे एकत्र येतात तिथे मासेमारीच्या दुकानात मिळते ती पितळी फिरकी लावा. ती नसली तर पॅराशूटला पीळ बसतो, पीळ उलगडताना रॉकेट फिरतं, आणि खाली येतानाचं निवांत चित्रण वाया जातं. वर जाताना ३ सेकंद मिळतात, खाली येताना १०. खरं बघण्यासारखं चित्र उतरतानाच मिळतं.

बावड्याची_विज्ञानशाळा | रविवार, सायंकाळी ६.३०

खूप खूप आभार सगळ्यांचे. दोन प्रश्न. एक, कॅमेरा कधी सुरू करायचा? आमच्या पंपाला ६ बार भरायला दोन-तीन मिनिटं लागतात. दोन, पाणी संपल्यावर तिसऱ्या उड्डाणाच्या चित्रात एक पांढरा ढग दिसतोय. बाटली गळतेय का?

शिंगणापूर_रोड | रविवार, सायंकाळी ७.००

दाब भरायच्या आधी सुरू करा. दाब भरलेल्या बाटलीजवळ हात न्यायचा नाही, हा नियम मोडायचा नाही. लाल दिवा लुकलुकतोय हे बघितलं, कार्डावरची टेप दाबली, सगळे १० मीटर मागे गेले, मग पंप. १५-२० मिनिटांची बॅटरी असली तरी पुरते. डबीला मागे एक लहान भोक ठेवा. बंद डबीत उन्हात कॅमेरा तापून स्वतःहून बंद होतो.

बाटलीची चाचणीही घ्या. पूर्ण पाण्याने भरून ९ बारपर्यंत न्या. पाणी दबत नाही, त्यामुळे फुटली तरी नुसती फाटते, उडत नाही. अंगावर पांढरी रेघ किंवा चुणी दिसली की ती बाटली भंगारात. धडधाकट असली तरी १०-१५ उड्डाणांनंतर बदला.

उद्यमनगर_टर्नर | रविवार, सायंकाळी ७.२०

ढग म्हणजे गळती नव्हे. पाणी संपल्यावर उरलेली हवा ३ बारवरून एकदम पसरते, झटक्यात गार होते आणि तिच्यातल्या वाफेचं धुकं होतं. चित्रातली ती फ्रेम जपा. सुटल्याची फ्रेम आणि ढगाची फ्रेम यांच्यामधलं अंतर मोजलं की पाणी किती वेळात संपलं ते कळतं. नॉझल बदलल्यावर पुन्हा मोजा. मोकळ्या तोंडाला दोन, ९ मिमीला दहाच्या आसपास यायला पाहिजे. सात आल्या तर नॉझल मोठा झालाय, सोळा-सतरा आल्या तर आतली कड धारदार राहिली आहे.

कोडनामा_करवीर | रविवार, रात्री ८.१०

उंचीही त्याच चित्रातून निघते, प्रदर्शनात तक्ता लावायला उपयोगी. आधी कॅमेऱ्याचं माप घ्या : १ मीटरची पट्टी लेन्सपासून बरोबर २ मीटरवर समोर धरा आणि चित्रात ती किती पिक्सेल भरते ते मोजा. समजा ६०० भरते. २ ने गुणून १२०० हा तुमच्या कॅमेऱ्याचा आकडा. आता रानात १० मीटर अंतरावर दोन खुणा ठेवा. वरून घेतलेल्या फ्रेममध्ये त्या २४० पिक्सेल अंतरावर दिसल्या तर १० गुणिले १२०० भागिले २४०, म्हणजे ५० मीटर. खुणा चित्राच्या मध्याजवळ असलेली फ्रेमच घ्या. कडेला या लेन्स चित्र वाकवतात आणि उत्तर चुकतं.

रानमाळ_कागल | रविवार, रात्री ८.३५

खुणांना खताची पांढरी पोती अंथरा, चारी कोपऱ्यांवर ढेकळं ठेवून. पिवळी पोती पाचटावर वरून दिसत नाहीत.

बावड्याची_विज्ञानशाळा | रविवार, रात्री ९.००

पोती मिळाली. नॉझल मंगळवारी हातात येतोय, कार्डाची खाच आडवी केली. पुढच्या रविवारी सकाळी पावणेआठला पहिलं उड्डाण, कॅमेऱ्याच्या जागी १७ ग्रॅम वाळू भरून.